भात्यापासून बाटलीपर्यंत

माझ्या दुकानाच्या भिंतीवर पितळी घेराचा एक जुना काटा टांगलेला आहे. काटा म्हणजे हवेचा दाब दाखवणारं घड्याळ. शून्यापासून दोनशे पौंडांपर्यंत आकडे, काचेला तडा, आणि सुई कधीचीच अडकलेली. पंक्चर काढायला आलेली पोरं विचारतात, "काका, हे चालतं का?" मी म्हणतो, "चालत नाही रे, पण त्याच्याकडे बघून मला सगळ्या तालुक्याचा हिशेब लागतो."

हिशेब असा. तीस पौंडांच्या आसपास मोटारीचं चाक. उन्हाळ्यात फ्रिजबाहेर राहिलेली बिअरची बाटलीही साधारण तेवढ्यावरच असते. ऐंशी-नव्वदला शॅम्पेनची बाटली. शंभराला विहिरीचा खडक फोडणारा जॅकहॅमर. आणि तमिळनाडूच्या तिरुचेंगोडेहून येणाऱ्या बोअरच्या गाड्यांची हवा तीनशेच्या घरात, तिथे माझा काटा पुरत नाही. शॅम्पेनच्या बाटलीतला आणि विहिरीत दगड फोडणारा दाब जवळजवळ सारखा, हे मला कळलं तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. ते ज्या गावात कळलं त्या नारायणगावात या दोन्ही गोष्टी एका हाकेच्या अंतरावर होत्या.

मी लोहाराचा मुलगा. आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या वर, घोड नदीच्या काठाला. माझ्या वडिलांचा, तात्यांचा, भाता कातड्याचा होता. वर ओढला की झडप उघडून हवा आत येई, दाबला की तीच झडप मिटे आणि हवा नळीतून कोळशावर जाई. पुढे आयुष्यभर मी ज्या कॉम्प्रेसरांच्या व्हॉल्व्ह-पट्ट्या बदलल्या, त्यांचं काम याहून वेगळं नव्हतं. हवा एका वाटेने आत घ्यायची, ती वाट बंद करायची आणि दुसऱ्या वाटेने बाहेर लोटायची. गावात दुसरा भाता होता तो पेटीचा. भजनी मंडळाच्या पेटीचा भाता फाटला की तोही तात्यांकडेच यायचा. कोळसा फुलवणारा आणि सूर धरणारा भाता एकाच माणसाने एकाच कातड्याने शिवलेला मी पाहिला आहे.

तात्यांचं खरं गिऱ्हाईक म्हणजे विहिरी खोदणाऱ्या वडारांच्या टोळ्या. आमच्या भागात चार हात माती, मग मुरूम, आणि त्याखाली काळा पाषाण. पाषाण लागला की टिकाव चालत नाही, सुरुंग लावावा लागतो. सुरुंगाला भोक हवं. एक जण छिन्नी धरून फिरवी आणि दोघे आळीपाळीने घण मारत. हातभर भोक पाडायला सकाळ जाई. संध्याकाळी बोथट झालेल्या छिन्न्यांचा भारा आमच्या दारात पडे. त्या तापवायच्या, टोक काढायचं आणि पाणी पाजायचं. पाणी कमी झालं तर टोक वाकतं, जास्त झालं तर उडतं. १९७२ च्या दुष्काळात मी पंधरा वर्षांचा होतो. त्या वर्षी गावोगाव विहिरी खोल करणं चाललं होतं. रात्री कंदिलाच्या उजेडात तात्या छिन्न्या पाजवत आणि मी भाता ओढत असे. माझ्या दंडाला पहिला आकार त्या भात्याने दिला.

या कामाचं वय किती, हे जुन्नरला गेलं की समजतं. शिवनेरी, तुळजा, मानमोडी, लेण्याद्री अशा डोंगरांच्या पोटात दोनशेहून अधिक लेणी आहेत, सगळी घण आणि छिन्नीची. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी याच पाषाणात माणसं अशीच भिडली होती. कोकणातून कल्याणचा माल नाणेघाटाने वर येई. घाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण आजही उभा आहे, त्यात जकातीची नाणी पडत असं सांगतात. व्यापाऱ्यांनी लेण्यांना दानं दिली आणि आपली नावं दगडावर कोरून घेतली. त्यांत तीन यवन आहेत, म्हणजे पश्चिमेकडून आलेले परदेशी. एकाचं नाव इरिल. त्याने पाण्याच्या दोन 'पोढी', म्हणजे खडकात खोदलेली दोन टाकी दिली. दुसऱ्याचं नाव चिट, त्याने भिक्खूंना जेवायचा मंडप दिला. तिसऱ्याचं नाव चंद. त्याच काळात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि त्यात इटलीची, लाओडिसियाची आणि अरबस्तानची द्राक्षांची दारू आहे. इरिलच्या पोढीत पाणी असायचं, दारू नव्हे. पण दारू कशी राखायची हे त्याच्या मुलखाला ठाऊक होतं. मातीच्या निमुळत्या कुंभाचं तोंड बूच आणि राळ लावून बंद करायचं, कारण हवा लागली की दारूचा शिरका होतो. ही इरिलची पोढी मी मनात ठेवली आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

हवेने खडक फोडायची युक्ती युरोपची. आल्प्स पर्वतातला मों-सनीचा रेल्वे बोगदा १८५७ साली सुरू झाला, तेव्हा घणाने भोकं पाडून तो कधी पुरा होईल याचा अंदाज लागत नव्हता. सोमेये नावाच्या इंजिनिअरने डोंगरातल्या पाण्याच्या जोरावर हवा दाबली, ती नळांनी आत नेली आणि त्या हवेवर छिद्रं पाडणारी यंत्रं चालवली. काम संपल्यावर तीच हवा कामगारांना श्वासाला मिळे. बोगदा १८७१ साली खुला झाला. आपल्या बोरघाटातले पंचवीस बोगदे १८६३ साली पुरे झाले तेव्हा असलं यंत्र इथे नव्हतं. तिथे घण, छिन्नी, सुरुंगाची दारू आणि माणसं होती, आणि माणसं हजारोंनी मेली. मी रेल्वेने मुंबईला जातो तेव्हा त्या बोगद्यांत मला इंजिनाच्या आवाजाआधी तात्यांच्या छिन्न्या आठवतात.

आमच्याकडे हवा आली ती धरणांबरोबर. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. डिंभ्याच्या पाण्याखाली तर ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते मूळ आंबेगावच गेलं. धरणाच्या खाणीवर चाकांच्या गाड्यावर बसवलेला पिवळा कॉम्प्रेसर मी पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. एका माणसाने जॅकहॅमर पोटाशी धरला, खटका दाबला, आणि ज्या भोकाला तीन माणसांची सकाळ जायची ते मी विडी पेटवून संपवेपर्यंत झालं. रात्री तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आता छिन्न्या कोण पाजवणार?" एवढंच म्हणून ते जेवायला बसले.

मी पुण्याला गेलो. तेव्हा हवेचं काम शिकायचं तर पुण्यासारखं गाव नव्हतं. हडपसरला १९५८ साली सुरू झालेली किर्लोस्कर न्युमॅटिक, दापोडीला अ‍ॅटलास कॉप्को. आयटीआय करून मी एका छोट्या दुरुस्तीखान्यात लागलो आणि तिथे दोन गोष्टी शिकलो. पहिली म्हणजे हवा दाबली की तापते आणि निवली की रडते. शंभर पौंडांवर आठ घनफूट हवा एका घनफुटात बसते. पण तिच्यातली वाफ तेवढ्या जागेत मावत नाही, ती पाणी होऊन टाकीच्या तळाला बसते. म्हणून रोज संध्याकाळी टाकीचा खालचा कॉक उघडायचा. दुसरी म्हणजे दाबलेली हवा कधी एकटी येत नाही. तिच्याबरोबर पाणी, धूळ आणि कॉम्प्रेसरचं तेल येतं. विहिरीत त्याने काही बिघडत नाही. कुठे बिघडतं ते मला फार पुढे कळलं.

ऐंशीच्या दशकात मी नारायणगावात, पुणे-नाशिक रस्त्याला दुकान थाटलं. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेले कॉम्प्रेसर तेव्हा घरोघरी नाही, पण गावोगावी झाले होते. लोक त्यांना 'ब्लास्टिंगचा ट्रॅक्टर' म्हणत. दिवसा भोकं पाडायची, संध्याकाळी वात पेटवून पळायचं आणि सकाळी यारीने डबर वर काढायचा. पाणी कमी पडलं की विहिरीत उतरून बाजूच्या खडकात आडवे बोअर मारायचे. या पाण्यावर आधी ऊस झाला, मग द्राक्षं, मग टोमॅटो. नारायणगावचा टोमॅटो बाजार आज देशभर ठाऊक आहे. त्याची मुळं कुठे, असं मला कुणी विचारलं तर मी माती दाखवत नाही, विहिरीच्या भिंतीवरच्या जॅकहॅमरच्या उभ्या खाचा दाखवतो.

त्याच काळात आमच्या गावात एक अजब गोष्ट घडली. तमाशा कलावंतांच्या राहुट्यांचं, विठाबाईंचं हे गाव, आणि त्याच्या शिवारात शामराव चौगुले नावाच्या उद्योजकाने फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या शॅम्पेनवाल्या घराण्याचं तांत्रिक साहाय्य घेऊन बुडबुड्यांची वाईन बनवायला घेतली. कंपनीचं नाव शॅम्पेन इंडाज. द्राक्षाच्या परदेशी जाती इथल्या उतारांवर लावल्या. माल इंग्लंडला गेला तो 'ओमर खय्याम' या नावाने, आणि देशात विकला गेला तो 'मार्कीझ द पॉम्पादूर' या नावाने. पहिला फारसी कवी, दुसरी फ्रान्सच्या पंधराव्या लुई राजाची प्रेयसी. मीना नदीच्या काठच्या गावात ही दोन नावं कुणाच्या तोंडी बसली नाहीत, आम्ही नुसतं 'वाईन कंपनी' म्हणायचो. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांताबाहेर बनलेल्या दारूला शॅम्पेन म्हणू नये असा तिकडचा आग्रह असतो, पण आमच्या एस.टी. स्टँडवर तो आग्रह पोचला नव्हता.

ही दारू कशी होते हे मला एका द्राक्ष बागायतदाराने सांगितलं आणि मी तोंडात बोट घातलं. आधी साधी पांढरी वाईन करायची. मग ती जाड काचेच्या बाटलीत भरायची, त्यात थोडी साखर आणि यीस्ट घालायचं आणि वर बिअरच्या बाटलीला असतं तसं पत्र्याचं झाकण ठोकायचं. हे झाकण अमेरिकेतल्या विल्यम पेंटर याने १८९२ साली काढलेलं. लिटरला चोवीस ग्रॅमच्या आसपास साखर घातली की यीस्ट ती खातं, वायू सोडतं, आणि तो वायू कोंडून दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो. मग महिनोन्‌महिने बाटल्या थंडाव्यात पडून राहतात. नंतर त्या लाकडी फळीच्या भोकांत मान खाली करून ठेवतात आणि रोज थोड्या फिरवतात, म्हणजे गाळ झाकणापाशी येतो. शेवटी बाटलीची मान खाऱ्या गार पाण्यात बुडवून गाळाचा बर्फ करतात आणि झाकण उघडतात. आतला दाबच तो बर्फाचा खडा बाहेर फेकतो. मग बूच आणि त्याला तारेची जाळी.

मी घरी आलो, काट्यापुढे उभा राहिलो आणि बोटाने मोजलं. सहा वातावरणं म्हणजे नव्वदच्या आतबाहेर पौंड. हा तर जॅकहॅमरचा दाब. विहिरीत तो आम्ही डिझेल जाळून मिळवतो. बाटलीत तो डोळ्याला न दिसणारं यीस्ट थोडीशी साखर खाऊन मिळवतं, इंजिन नाही, आवाज नाही.

पण दाब सारखा असला तरी हवा सारखी नसते, हे मला बिअरने शिकवलं. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली आणि जागच्या जागी बिअर बनवणाऱ्या छोट्या जागांचा काळ आला. पुढे काही वर्षांनी अशाच एका ठिकाणाहून मला बोलावणं आलं. त्यांचा कॉम्प्रेसर बसला होता. तरुण ब्रूअर म्हणाला, "काका, आम्हाला हवा दोनदा लागते." मला त्याचं बोलणं आवडलं.

पहिली हवा यंत्रांना. झडपा उघडायच्या-मिटायच्या, पिंप धुवायचे, बाटल्यांची साखळी हलवायची, सगळं हवेवर. ही हवा बिअरला शिवत नाही. दुसरी हवा मात्र थेट पोटात जाते. सातूचं माल्ट गरम पाण्यात भिजवून जो गोड काढा निघतो त्याला ते वर्ट म्हणतात. तो हॉप्स घालून उकळला की त्यातला प्राणवायू निघून जातो. निवल्यावर यीस्ट घालायचं तर त्याला वाढायला प्राणवायू हवा, म्हणून बारीक गाळणीतून शुद्ध केलेली हवा त्या काढ्यात सोडतात. लिटरला आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळला की पुरे. आणि एकदा का यीस्टने काम सुरू केलं की हवा तिथे वैरीण. तयार बिअरला हवा लागली तर काही दिवसांत तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. म्हणून बिअर पिंपातून ढकलतात ती हवेने नव्हे, कार्बन डायऑक्साइडने. यवनांच्या कुंभावरच्या राळेचं आणि या टाकीवरच्या वायूचं काम एकच.

मी त्यांना माझ्याकडचा एक जुना, दुरुस्त केलेला कॉम्प्रेसर तात्पुरता लावून दिला. शंभर पौंड सहज देत होता. जॅकहॅमरला त्याने पाच वर्षं साथ दिली होती. पण त्याच्या पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या होत्या आणि हवेबरोबर तेलाचं धुकं जात होतं. विहिरीत ते कुणी पाहिलं नसतं. पंधरा-वीस दिवसांनी ब्रूअरचा फोन आला, "काका, फेस बसतोय." मी गेलो. ग्लासात बिअर ओतली की फेस वर यायचा आणि साबणाच्या पाण्यावर तेल पडावं तसा विरून जायचा. तेलाचा अंश फेसाला मारतो हे मला तेव्हा कळलं. सगळी टाकी गटारात सोडावी लागली. चूक माझी होती, मी त्या कामाचे पैसे घेतले नाहीत. ब्रूअर मला काही बोलला नाही. त्याने फक्त जुन्या गाळणीचा कागद माझ्यासमोर धरला. तो पिवळा पडला होता.

परत येताना राजगुरुनगर, मंचर, कळंब अशी गावं मागे जात होती आणि माझ्या डोक्यात तात्यांचा भाता चालू होता. कोळशाला कसली हवा मिळते याची कोळशाला फिकीर नसते, दगडाला नसते, चाकाला नसते. जिवंत गोष्टीला असते. चाळीस वर्षं मी फक्त किती दाब एवढंच विचारत आलो, कोणती हवा हे विचारायची वेळच माझ्यावर आली नव्हती. आता दुकानात बिनतेलाचा एक कॉम्प्रेसर वेगळा ठेवला आहे, त्याला मी दुसऱ्या कामाला हात लावू देत नाही.

वाईन कंपनीचं पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. राज्याने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाईनला सवलती मिळाल्या, नाशिककडे वायनरी वाढल्या. इंडाजचा मात्र पसारा कर्जाखाली आला आणि कंपनी गुंडाळण्याचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शिवारात टोमॅटोचे मांडव पहिल्यासारखेच उभे राहिले. भारताच्या वाईनचा इतिहास कुणी लिहितं तेव्हा नारायणगावचं नाव पहिल्या पानावर येतं, ते मात्र कायम राहिलं.

आता इरिलकडे येतो. त्या परदेशी माणसाने दोन टाकी दिली, नाव कोरलं, आणि ते आजही वाचता येतं. कवीचं आणि राजाच्या प्रेयसीचं नाव बाटलीला मिळालं. पण ज्या विहिरींवर आंबेगाव आणि जुन्नर हे दोन तालुके हिरवे झाले, त्यांतल्या एकीवरही ती कुणी खोदली हे लिहिलेलं नाही. घण मारणारे वडार, यारी ओढणाऱ्या बाया, कानात कापूस घालून दिवसभर जॅकहॅमर धरणारी आणि पुढे ऐकू येईनाशी झालेली पोरं, आणि रात्री छिन्न्या पाजवणारे तात्या, यांपैकी कुणाचंच नाव कठड्यावर नाही. काहींची नावं मला आठवतात, बाकीची त्यांच्या घरच्यांना आठवत असतील.

म्हणून वाचकांना एकच विनंती. तुमच्या मळ्यातल्या विहिरीचं वर्ष आणि ती खोदणाऱ्या टोळीचं नाव घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या आणि कठड्याच्या सिमेंटवर कोरून ठेवा. फार खर्च येत नाही. आमच्या घराच्या विहिरीवर मी ते गेल्या पावसाळ्याआधी कोरलं. वर्ष १९७२, खाली टोळीतल्या चौघांची नावं, आणि सगळ्यांत खाली : छिन्न्यांना पाणी तात्यांनी पाजलं.